कागद मी जाळला होता, आधार

आधार,

तुझं उत्तरकार्य होऊन आठ दिवस झाले. इथं सुरतेत, नवागामच्या गल्लीतला मांडव उतरला, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत भरून परत गेल्या, आणि तुमच्या घराच्या भिंतीला लागून असलेल्या शेडमध्ये लूम पुन्हा खडखडायला लागले. तू गेलास त्या दिवशी शेजारच्या शेठनं मशीनं बंद ठेवली होती. सिंधूवहिनी म्हणाल्या, "त्या शांततेतच मला जास्त रडू आलं."

लोकांनी तुझ्याबद्दल बोलायला मला पुढं केलं. फौजेतला सोबती, त्यात बँकेतून निवृत्त झालेला, चार शब्द नीट बोलेल असं त्यांना वाटलं असणार. मी उभा राहिलो, "आधार फार चांगला माणूस होता" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. कडोदऱ्याच्या खात्यावरचे, त्या कापड कारखान्यावरचे, तुझ्यासोबतचे वॉचमन माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षांची ओळख आणि एक वाक्य! पण मला जे बोलायचं होतं ते मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशी बोलायचं होतं. तू समोर होतास तेव्हा दर रविवारी तोंडात यायचं आणि मी ते गिळायचो.

आपलं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं. तेच आधी लिहितो, कारण ते मला सोडत नाही.

लिंबायतला आपली नेहमीची टपरी, रविवारची सकाळ. बाकावर लूमवर काम करणारे तिघं-चौघं जण मोबाइलवर कुठल्यातरी देशातल्या लढाईचा व्हिडिओ बघत होते. वरून यंत्र घिरट्या घालतंय, खाली एक माणूस शेतातून पळतोय, मग धूर. "गयो!" एक जण गुजरातीत ओरडला, क्रिकेटमध्ये विकेट गेल्यावर ओरडतात तसा. टपरीवाल्या सुभाषनं आपल्याकडं बोट केलं. म्हणाला, "अरे, हे बघा, हे दोघं खरे फौजी. लंकेत लढून आलेत." त्यावर त्या ओरडणाऱ्यानं मोबाइल मांडीवर ठेवून तुला विचारलं, "काका, तुम्ही किती मारले?"

तू बशीतला चहा संपवलास. मिशी पुसलीस. म्हणालास, "मारात त्या मोजात नही, भाऊ. एक वाचाडा, तेवढा याद शे."

सगळे हसले. म्हातारा गंमत करतोय असं त्यांना वाटलं. चार परक्या माणसांसमोर मी म्हणालो, "आणि त्या एकाला वाचवण्यापायी आपला एक गेला, तेही सांग ना. गोपाळचा जीव तू घेतलास, आधार."

हे मी तुला याआधी अनेकदा म्हटलं होतं, पण कधी लोकांसमोर नाही. तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. कुणी आजारी माणूस बडबडतो तेव्हा बघतात तसं. मग उठलास. "मी जास, येसा. ड्यूटी शे."

रविवारी तुझी ड्यूटी दुपारी असते, हे मला माहीत होतं.

पुढच्या रविवारी तू आला नाहीस. मी फोन केला नाही. येईल की, म्हटलं, जातो कुठं. गुरुवारी तुझ्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा..." एवढंच मराठीत बोलली आणि पुढं गुजरातीत बोलत सुटली, घाबरली की ती बोलते तशी. मला इतकंच कळलं की खात्याच्या गेटवर, खुर्चीत बसल्या बसल्या, भर दुपारी तू मान टाकलीस.

आपण लंकेत उतरलो तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि तू पंचवीसचा. त्यांच्या देशात त्यांचंच आपसात युद्ध पेटलेलं होतं, आणि आपल्याला सांगितलं होतं की आपण शांतता राखायला चाललोय. पहिल्या आठवड्यात बायकांनी रस्त्यात थांबवून आपल्याला हार घातले. तू तुझा हार सुकेपर्यंत पिशवीत जपून ठेवलास, घरी दाखवायला. दोन-तीन महिन्यांत त्याच रस्त्यांवर आपल्यावर गोळ्या सुटायला लागल्या. सकाळी केळी विकणारा माणूस दुपारी कुणाच्या बाजूनं असेल याचा भरवसा उरला नाही. आपण कुणाच्या बाजूनं आहोत, हे तर आपल्यालाही धड सांगता आलं नसतं.

ताडाच्या बनातली ती लढाई तुला आठवते का, असं मी कधी विचारलं नाही. मला तिचा एकेक क्षण आठवतो. आपण वीस जण, तिन्ही बाजूंनी गोळीबार, पाठीवर माझा वायरलेसचा सेट. ग्रेनेड फुटला आणि माझ्या पोटरीत लोखंडाचे तुकडे घुसले. मागं फिरायला एकच वाट उरली होती, खाडीच्या कमरेएवढ्या पाण्यातून. आपल्याच तुकडीतला गोपाळ काठावर पालथा पडून गोळ्या झाडत राहिला, आपली माणसं पार होईपर्यंत. आणि तू मला पाठीवर घेतलंस. मी शुद्ध हरपू नये म्हणून सगळ्या वाटेवर मला अहिराणीत शिव्या देत होतास. मध्येच शिव्या थांबवून म्हणालास, "येसा, मरजो नको. तुन्ही माय माले इचारी."

माझी आई पुढं बावीस वर्षं जगली. तुला ती "मन्हा दुसरा पोऱ्या" म्हणायची, हे तुला माहीत आहे.

पाय बरा होईपर्यंत मला छावणीतच बसून काम दिलं. छावणी म्हणजे एक बंद पडलेली शाळा. हेडमास्तरांच्या खोलीत माझा सेट, खिडकीबाहेर कडुलिंब, आणि त्या कडुलिंबाखाली दर एक दिवसाआड कंदैया न्हावी येऊन बसायचा. चाळिशीचा, काटकुळा माणूस, इस्त्री केलेला सदरा आणि पत्र्याची पेटी. जवानांची दाढी करता करता हिंदीचे चार शब्द शिकला होता. आणि तू त्याला अहिराणी शिकवलीस! कॅप्टनसाहेब दाढीला आले तरी तो खुर्चीकडं बोट करून म्हणायचा, "बठ, बठ." साहेबांना वाटायचं हा तमिळ बोलतोय. तू आणि गोपाळ भिंतीआड जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसायचात. त्या सगळ्या वर्षातलं आपलं मनापासूनचं हसणं म्हटलं तर तेवढंच.

खिडकीत बसून बसून मला एक गोष्ट दिसायला लागली. आपली गस्त बाहेर पडली की कंदैया घड्याळ बघायचा. गस्त परत आली की पुन्हा बघायचा. एकदा तो विहिरीवर हात धुवायला गेला तेव्हा मी लंगडत बाहेर गेलो आणि त्याची पेटी उघडली. टॉवेलखाली साबणाचं वेष्टण होतं. त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं बारीक रेघा आणि आकडे. सकाळची गस्त किती वाजता निघाली, किती माणसं, किती वाजता परत. तो आलेल्या चारही दिवसांची सकाळची वेळ एकच, साडेसात.

कॅप्टनसाहेब पलीकडच्या खोलीत होते. दहा पावलांवर. मी त्यांच्याकडं गेलो नाही, तुझ्याकडं आलो. कंदैया तुझा दोस्त होता म्हणून. आणि तू मला पाठीवरून आणलं होतंस म्हणूनही.

तू तो कागद बराच वेळ बघितलास. वाचण्यासारखं त्यात फार नव्हतं. मग म्हणालास, "तू जेवी ये. मंग सांग साहेबले. तवलग मी त्याले आठेच बसाडस."

मी जेवून आलो. कडुलिंबाखाली पेटी होती, कंदैया नव्हता. तू म्हणालास, "पळी गया." शाळेमागं खाडीचं पाणी होतं. तुझी पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. मी ती बघितली, आणि मी बघितली हे तू बघितलंस.

संध्याकाळी तू मला खरं सांगितलंस. बंडखोरांनी कंदैयाची सतरा वर्षांची मुलगी लढायला उचलून नेली होती. महिनाभर छावणीची खबर आणून दे, मग तिला सोडू, असं त्याला सांगितलं होतं. तो तुझ्या पायावर डोकं ठेवून रडला. तू म्हणालास, "साहेबले देतू, ते तो गया व्हता. अन् त्याना संगे ती पोरबी."

माझ्या खिशात तो कागद होता. तो साहेबांना दिला असता तर पहिला प्रश्न आला असता, कागदवाला कुठाय? आणि दुसरा, त्याला सोडलं कुणी? तुला साखळी लावून परत पाठवलं असतं. मी भटारखान्यात गेलो. डाळीच्या मोठ्या पातेल्याखाली जाळ होता, त्यात कागद टाकला. साहेबांना सांगितलं की न्हावी आज पेटी टाकून कुठंतरी गेला. तू मला विचारलंस, "कागद?" मी म्हटलं, "जळाला." तू मान हलवलीस.

हा सगळा हिशोब मला तेव्हाही कळत होता, आधार. कागद साहेबांच्या हातात पडला असता तर त्यांनी त्याच दिवशी गस्तीची वेळ बदलली असती, रस्ताही बदलला असता. त्याआधी साध्या संशयावरून त्यांनी एकदा असं केलं होतं. कंदैयाला सोडणं ही एक गोष्ट होती. त्यानं काय काय टिपलंय हे लपवणं ही दुसरी. पहिली तुझी होती. दुसरी माझी.

तिसऱ्या दिवशी तुला रसद आणायला बंदरावर पाठवलं. गस्त सकाळी साडेसातलाच निघाली, गोपाळ पुढं होता. मी सेटवर बसलो होतो. सेटवर काही ऐकू यायच्या आधी खिडकीतून धमाका ऐकू आला. रस्त्यावरच्या मोरीखाली सुरुंग पेरलेला होता. दोघं जखमी झाले. गोपाळ जागीच गेला.

तू परत आलास तेव्हा त्याचं सामान मी बांधत होतो. तू त्याच्या रिकाम्या खाटेवर बसलास. आणि मी तुला पहिल्यांदा ते म्हणालो, "हे तुझ्यामुळं झालं."

तुझ्याजवळ एक वाक्य होतं. "कागद तू जाळलास." एवढं म्हणाला असतास तर मी तिथंच संपलो असतो. तू ते वाक्य त्या दिवशी काढलं नाहीस, आणि नंतरच्या सदतीस वर्षांत कधीच काढलं नाहीस.

तो सुरुंग कंदैयाच्या खबरीवरून पेरला होता का, हे आपल्याला कधी कळलं नाही. साडेसातची गस्त त्या गावातल्या कुणालाही पाठ झालेली असेल. कंदैया पुन्हा दिसला नाही, गावातलं त्याचं दुकान बंदच राहिलं. तू कधी कधी मध्येच म्हणायचास, "त्यानी पोर त्याले भेटनी व्हई का रे?" त्यावर मी चिडायचो. म्हणायचो, तुला गोपाळची नाही, त्या हेराच्या पोरीची काळजी. मला वाटायचं, तू मुद्दाम डिवचतोस. तू खरोखरच विचारत होतास.

फौज सुटल्यावर तू आधी सुरतेला आलास. तुझे भाऊ इथं लूमवर होते. मला पोस्टकार्ड टाकलंस, "ये, आठे आपला मानसे शेतस." मी माजी सैनिकांच्या जागेवर बँकेत लागलो, बदली मागून सुरत घेतली. लोक विचारायचे, सुरतच का? मी कापडाचं, पगाराचं, मुलांच्या शाळेचं काहीतरी सांगायचो. तू होतास म्हणून, हे कधी सांगितलं नाही. तुलाही नाही.

माझं बरं चाललं. फ्लॅट झाला, मुलगी इंजिनीअर झाली. सव्वीस जानेवारीला सोसायटीत माझा सत्कार व्हायचा, शाल आणि नारळ. तुला मी चार वेळा बोलावलं. तू एकदाही आला नाहीस, वर म्हणालास, "शाल तुले शोभस. माले शिटीच बरी." तू कडोदऱ्याच्या खात्याच्या गेटवर निळ्या गणवेशात शिटी घेऊन उभा राहायचास आणि ट्रक मागं घ्यायला ड्रायव्हरला हातवारे करायचास. आधार कार्ड निघालं तेव्हा केंद्रावरचा माणूस तुला तीनदा म्हणाला, "नाम बताओ, आधार तो बाद में मिलेगा," आणि तू तीनदा शांतपणे "आधार" सांगितलंस. ती गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनाही ती पाठ झाली. त्या लग्नात तू ड्यूटीवरून तसाच गणवेशात आला होतास. माझ्या बायकोला जरा अवघड वाटलं. मला नाही वाटलं, असं इथं लिहिलं असतं. वाटलं होतं, आधार. थोडं मलाही वाटलं होतं.

आणि दर दोन-चार महिन्यांनी आपलं तेच भांडण. सुरुवात मीच करायचो. गोपाळ असता तर आज त्याची नातवंडं असती, असं काहीतरी. मग आवाज चढायचा. माझाच. तू बशी फिरवत बसायचास. तू उत्तर देत नाहीस याचाच मला राग यायचा, आणि मी आणखी ओरडायचो. आता कळतंय की मी तुझ्या तोंडून ते एक वाक्य निघायची वाट बघत होतो. निघालं असतं तर भांडण संपलं असतं. मला ते स्वतः म्हणता येत नव्हतं, म्हणून तुझ्याकडून हवं होतं. तू तेवढंही माझ्या अंगावर येऊ दिलं नाहीस.

दशक्रियेच्या दिवशी वहिनींनी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "येसाभाऊ, एका ठिकाणी कळवायचं राहिलंय. फोनवर सांगणं मला बरं वाटत नाही. तुम्ही जाल का?"

"कुठं?"

"नरडाण्याजवळ. गोपाळभाऊंच्या घरी."

त्या म्हणाल्या, "हे दरवर्षी आखाजीच्या सणाला गावी जायचे ना, तेव्हा आधी तिथं उतरायचे. एक दिवस राहायचे. घर शाकारून द्यायचे, म्हातारीला दवाखान्यात न्यायचे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. गोपाळचं नाव घेऊन मी तुला सदतीस वर्षं झोडपलं, आणि त्याच्या दारात मी एकदाही गेलो नव्हतो. तू दरवर्षी जात होतास.

उत्तरकार्य उरकून तिसऱ्या दिवशी मी उधन्याहून गाडी धरली. नंदुरबार, दोंडाईचा, मग नरडाणा. स्टेशनवरून रिक्षा केली. घर सापडायला वेळ लागला नाही, "फौजीनं घर" म्हटल्यावर एका बाईनं दारापर्यंत आणून सोडलं. ओट्यावर गोपाळची बायको लीलाबाई शेंगा फोडत बसली होती. लग्नानंतर आठ महिन्यांत विधवा झालेली बाई, आता केस पांढरे. अंगणवाडीत मदतनीस होती, आता तेही संपलंय. मी नाव सांगायच्या आधीच तिनं माझ्या पायाकडं बघितलं, मी जरा ओढत चालतो त्याकडं, आणि म्हणाली, "तुम्ही येसाभाऊ ना?"

मी हो म्हटलं. तिनं माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं. "आधारभाऊ नही उनात?"

मी सांगितलं. ती शेंगांचं सूप बाजूला सारून भिंतीला टेकली. शेजारची एक बाई पाणी घेऊन आली, ते मीच प्यायलो.

मग मी ठरवून आलो होतो ते बोललो. न्हावी, पेटी, रेघा मारलेला कागद, सगळं. ती मध्येच म्हणाली, "माले माहीत शे. आधारभाऊनी पहिल्याच साली सांगं. न्हावीले त्यानी सोडा, अन् कागदबी त्यानीच जाळा."

"काय सांगितलं?"

"कागद त्यानीच जाळा म्हने. मन्ही सासू सा महिना बोलनी नही त्यानासंगे. तरी तो येतच ऱ्हायना."

आधार, मी त्या ओट्यावर तोंड झाकून बसलो. म्हणजे माझी अर्धी गोष्टही तू इथं आणून स्वतःच्या नावावर सांगितली होतीस. त्याबद्दल या घरात शिव्या खाल्ल्या असशील, पाठ फिरवून बसलेल्या म्हातारीसमोर जेवला असशील, आणि सुरतेला परत येऊन रविवारी माझ्याकडूनही ऐकून घेतलं असशील.

मी म्हटलं, "नाही, ताई. न्हाव्याला त्यानं सोडलं. पण कागद मी जाळला. साहेबांपासून मी लपवला. आधारनं तुम्हाला खोटं सांगितलं, माझ्यासाठी."

मला वाटलं, आता ती उठेल, घरात जाईल, दार लावून घेईल. ती माझ्याकडं बघत राहिली. डोळे भरले होते, पण कुणावर रागावावं एवढी ताकद त्या चेहऱ्यावर उरली नव्हती. शेवटी म्हणाली, "तुम्ही व्हतात ना तठे? त्या सकायले?"

"होतो."

"मंग माले एक सांगा. त्यासनी काही खायेल व्हतं का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिनं सांगितलं. तारेत एवढंच लिहिलं होतं की सकाळी गेला. तेव्हापासून सासूनं एकच धरून ठेवलं होतं, माझा पोरगा उपाशीपोटी गेला. सदतीस वर्षं म्हातारीनं सकाळी काही खाल्लेलं नाही. दुपार झाल्याशिवाय घास घेत नाही. लीलाबाईनं तुला पहिल्याच वर्षी विचारलं होतं, आणि तू म्हणालास की मी त्या दिवशी छावणीत नव्हतो. येसा होता. त्यालाच माहीत. तो येईल तेव्हा विचारा.

"दर साली मी इचारू, तुम्हना दोस्त कवय येई? ते म्हनेत, येई. त्याना पाय दुखस."

माझा पाय, आधार! सदतीस वर्षं तू त्यांना माझा पाय दुखतो म्हणून सांगितलंस. खोटं बोलायला तुला हरकत नव्हती, हे मी आता बघितलंय. "हो, पोटभर जेवला होता" एवढं एक खोटं सांगून तू म्हातारीला केव्हाच मोकळी करू शकला असतास. तेवढं खोटं मात्र तू बोलला नाहीस. ते खरंच असावं, आणि जो तिथं होता त्यानंच येऊन सांगावं, असं तुला वाटलं असेल. किंवा मला एक दिवस इथं यायला काहीतरी कारण शिल्लक राहावं, असं वाटलं असेल. हे तुला विचारायचं राहून गेलं.

मी लीलाबाईला सांगितलं. त्या सकाळी पुऱ्या होत्या आणि बटाट्याची भाजी. गोपाळनं उभ्या उभ्या सहा पुऱ्या खाल्ल्या. मग खिडकीतून हात घालून माझ्या ताटातल्या दोन उचलल्या, म्हणाला, "तुले बसीसन काय भूक लागस?" वर चहाचे दोन मग. माझ्या टॉवेलला हात पुसले आणि हसत गेला. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या बायकोला नाही, तुलाही नाही. कुणी विचारलं नव्हतं.

"पोटभर?" तिनं विचारलं.

"पोटभर."

ती उठली आणि घरात गेली. आत अंधारात खाटेवर म्हातारी होती, मला इतका वेळ दिसलीच नव्हती. लीलाबाई तिच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "बाई, जेवीसन गयथात ते. पोटभर जेवीसन गयथात."

मला वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नसावं. मग तिनं सुनेचं मनगट धरलं आणि म्हणाली, "कोन सांगस?"

लीलाबाईनं दारातून माझ्याकडं बघितलं.

मी आत गेलो, आधार. खाटेपाशी जमिनीवर बसलो, तिचा हात हातात घेतला, आणि माझ्या मोडक्या अहिराणीत पहिल्या पुरीपासून सांगायला सुरुवात केली.